पिनकोड संगणकाप्रमाणे

पंचवटीतल्या फुले-भाजीपाला उत्पादक संस्थेत २००२ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याची जी पूजा झाली ती संस्थेच्या नव्या टेम्पोच्याही नशिबी आली नव्हती. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू, आणि नारळ फोडताना पाणी नको तिथं उडालं म्हणून अर्धा तास सगळे श्वास रोखून बसलेले. चेअरमन सावळीरामआप्पांनी मागच्या खोलीला काच बसवून घेतली, एसी लावला आणि दारावर पाटी ठोकली, चपला बाहेर काढाव्यात. खुद्द आप्पांच्या केबिनमध्ये लोक चिखलाचे पाय घेऊन यायचे, त्याबद्दल आप्पा कधी चकार शब्द बोलले नाहीत. कॉम्प्युटरला मात्र विटाळ व्हायचा.

या देवाला पुजारी हवा, म्हणून आप्पांनी पुतण्या आणला. राज त्याचं नाव. बारावीला दोनदा गटांगळ्या खाऊन झाल्यावर त्यानं तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला आणि तो थेट 'संगणक प्रमुख' झाला. प्रमुख म्हणजे नक्की कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती, कारण त्या खोलीत तो एकटाच बसायचा. पासवर्ड त्याच्याकडे, खोलीची किल्ली त्याच्याकडे, आणि दुपारी दोन ते चार तो आत काय करतो हे काचेतून सगळ्यांना दिसायचं. तो पत्ते खेळायचा.

बाहेरच्या टेबलावर शुभांगी बसायची. तिला संस्थेत तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही वर्षं ती हंगामी कारकून होती. हंगाम कुठला, ते आप्पांनाच ठाऊक. आवक-जावक, सभासदांची खाती, सभेचं इतिवृत्त, पावत्या, सगळं तीच बघायची. आणि दर दिवाळीला आप्पा म्हणायचे, पुढच्या वर्षी तुला कायम करूनच टाकू. या वर्षी मात्र तिच्या सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत कायम झालीस तर ठीक, नाहीतर पुरे झालं ते अंबडहून रोज बसचे धक्के खात जाणं, घरी बस. नवरा जयराम अंबडच्याच एका कंपनीत लेथवर होता. तो आईपुढे तोंड उघडायचा ते फक्त जेवायला. शुभांगीला घरी बसायचं नव्हतं. सकाळी डबा घेऊन सिटी बसमध्ये चढलं की आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटायचं, आणि संध्याकाळी उतरताना ते वाटणं घराच्या दारापर्यंत पुरायचं. तेवढ्यासाठी तिला ती नोकरी जिवापाड हवी होती. कायम कारकुनाची जागा एकच मंजूर होती, आणि आता काचेच्या आत राज बसला होता. तिला काही दूधखुळी समजू नका.

तर सप्टेंबरात वार्षिक सभा आली. संस्था लहान, म्हणून संचालकांची निवडणूक सभेतच, हात वर करून. सभासद सहाशे बारा. पहिले चारशे दहा शहरातले, पंचवटी, मखमलाबाद, गंगापूर रोड, अंबड अशा भागांतले मळेवाले आणि फुलवाले. ही आप्पांची माणसं. एक नंबरपासून चारशे दहा नंबरपर्यंत ओळीनं. पुढचे दोनशे दोन नंतर आत आलेले, पिंपळगाव बसवंत आणि आसपासच्या खेड्यांतले भाजीवाले. ती पिंपळगावच्या भिमाजीअण्णांची माणसं. हिशेब सरळ होता, चारशे दहा विरुद्ध दोनशे दोन. तरीही आप्पा दरवर्षी काळजी घ्यायचे. शहरातल्या नोटिसा गोटीराम शिपाई सायकलवर टाकून दारोदार पोचवायचा, वर तोंडानंही सांगून यायचा. खेड्यांकडच्या नोटिसा आप्पांच्या कपाटात मुरत पडायच्या. रविवारी सभा असली की त्या गुरुवारी संध्याकाळी टपालपेटीत पडायच्या, आणि सभेची बातमी भिमाजीअण्णांना सोमवारी मिळायची. पंधरा वर्षं आप्पा बिनविरोध निवडून येत होते ते असे.

या वर्षी सहकार खात्यातल्या नव्या साहेबांनी मेख मारली. भिमाजीअण्णांनी अर्ज केला होता. साहेबांनी लिहून कळवलं, सगळ्या सभासदांना सभेच्या चौदा दिवस आधी टपालानेच नोटीस गेली पाहिजे, आणि पोस्टाचा शिक्का मारलेली यादी फाईलला लागली पाहिजे. दुसरा कुणी घाबरला असता. आप्पा खूश झाले. आता कॉम्प्युटर काय ते दाखवतोच, म्हणाले. गोटीरामची सायकल बंद. तोंडी निरोप बंद. कुणी तारीख विचारली तरी सांगायची नाही, पत्र येईल म्हणायचं. सगळं कसं आधुनिक.

राजनं मग ऑफिसला मेल मर्ज समजावून सांगितलं. एका तक्त्यात सगळ्यांची नावं-पत्ते भरायचे, नोटीस एकदाच लिहायची, बटण दाबलं की प्रत्येकाच्या नावापत्त्याचं वेगळं पत्र छापून बाहेर. गोटीराम हात जोडून ऐकत होता. वीस वर्षं त्यानं ते सगळे पत्ते हातानं लिहिले होते, त्याचं बोट वाकडं झालं होतं. पत्ते वाचून दाखवायचं काम शुभांगीनं केलं, टाइप राजनं केले, आणि आप्पा मागे उभे राहून सूचना करत होते. त्यातली एक सूचना अशी, की पिनकोडात पहिल्या तीन आकड्यांनंतर जागा सुटलीच पाहिजे. ४२२, मग जागा, मग ००३. आप्पांनी हे कुठंतरी वाचलं होतं आणि आप्पांनी वाचलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक असल्यामुळे तिला फार मान होता. राजनं जागा सोडायला सोपा उपाय काढला. पिनकोडाचे दोन रकाने केले. एका रकान्यात ४२२, शेजारच्यात उरलेले तीन आकडे.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कॉम्प्युटरला ००३ म्हणजे आकडा वाटला, आणि आकड्याच्या डाव्या बाजूची शून्यं त्याच्या दृष्टीनं बिनकामाची. त्यानं ती गिळून टाकली. पंचवटीचं ४२२ ००३ झालं ४२२ ३. अंबडचं ०१० झालं १०. पिंपळगावच्या २०९ ला मात्र धक्का लागला नाही, कारण त्याच्या डावीकडे शून्यच नव्हतं. म्हणजे शहरातले चारशे दहा पिनकोड लंगडे, आणि खेड्यातले दोनशे दोन ठणठणीत.

छापलेला पहिला गठ्ठा हातात आल्याबरोबर शुभांगीच्या हे लक्षात आलं. कॉम्प्युटर टायपिंगच्या क्लासमध्ये तिला शिकवलं होतं, त्या रकान्याला आधी बजावायचं, की हे आकडे नाहीत, मजकूर आहे, जसा लिहिलाय तसा ठेव. मग तो शून्याला हात लावत नाही. दोन मिनिटांचं काम. तिनं चपला काढल्या, आत गेली आणि राजला हे सांगितलं. राजच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कोर्स मी केलाय की तुम्ही, म्हणाला. ती आप्पांकडे गेली. आप्पांनी चष्मा लावून स्वतःचं पत्र काढलं. सभासद नंबर तीन, सावळीराम, पंचवटी, नाशिक, ४२२ ३. आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हसले. बरोबरच आहे की. नाशिक तीन म्हणजे पंचवटी, नाशिक दहा म्हणजे अंबड, सगळं गाव असंच बोलतं. कॉम्प्युटरलासुद्धा कळलं, तुला नाही कळलं.

आता यावर काय बोलायचं? नाशिककर खरंच तसं बोलतात. तिनं गठ्ठे उचलले आणि पोस्टाची वाट धरली.

टपाल कार्यालयातल्या बाईंना मात्र गावाच्या बोलण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी गठ्ठे चाळले. खेड्यांची दोनशे दोन पाकिटं घेतली, यादीवर शिक्का मारला, आणि शहराची चारशे दहा शुभांगीच्या पुढ्यात परत सरकवली. पिनकोड सहा आकड्यांचा असतो, तो पुरा करून आणा. शुभांगी ते ओझं घेऊन परत आली तेव्हा खरं सांगायचं तर तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता तरी पटेल, आता तरी म्हणतील, शुभांगी, तू बस आत आणि दुरुस्त कर.

छे. आप्पांनी राजला बोलावलं, आणि राज दार लावून आत बसला. त्याचं डोकं असं चाललं, की चारशे दहा पत्ते परत कोण तपासणार? नाशिक म्हणजे ४२२ ००१, पोस्टमन बाकीचा पत्ता वाचतोच की. सगळ्यांना तोच ठोकून देऊ. त्यानं दोन रकान्यांचा एक केला, पहिल्या सभासदापुढे ४२२ ००१ असं आप्पांची आवडती जागा सोडून टाइप केलं, आणि त्या चौकटीचा कोपरा माउसनं धरून सरळ खाली ओढला, चारशे दहापर्यंत. त्याला वाटलं तेच खाली उतरेल. कॉम्प्युटरला वाटलं साहेबांना क्रमांक घालायचेत. दोन नंबरला ४२२ ००२, तीनला ४२२ ००३, असं करत करत चारशे दहाव्याला ४२२ ४१०. ज्याचा जो सभासद नंबर, तोच त्याचा पिनकोड. असले पिनकोड वाटायचे तर पोस्ट खात्याची तरी काय गरज, संस्थेनंच वाटले असते.

राजनं छापलेली यादी पाहिली की नाही देव जाणे. शुभांगीनं पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. शंभराव्या सभासदापासून पुढची पत्रं सगळ्या जिल्ह्यात फिरायला निघणार होती. कुणाचं सिन्नरला, कुणाचं लासलगावला, कुणाचं इगतपुरीला, आणि काही पिनकोड तर या पृथ्वीतलावर नव्हतेच. ती पेन घेऊन बसली आणि पाकिटांवरचे पिन एकेक करून हातानं खोडून नीट लिहू लागली. बावीस झाले असतील तोवर आप्पा आले.

कॉम्प्युटरच्या कागदावर पेन चालवल्याबद्दल आप्पा जे बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. सार एवढंच, की संस्थेची अब्रू जाते, आणि कायम व्हायचं असेल तर माणसानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. मग त्यांनी पुन्हा आपलं स्वतःचं पत्र मागितलं. सभासद नंबर तीन. पंचवटी. ४२२ ००३. बघा ना, आप्पांचा नंबरच तीन, आणि पंचवटीचा पिन ००३! अख्ख्या चारशे दहात हातावर मोजता येतील इतकेच बरोबर जमले असतील, त्यातला एक यांचा. आप्पांनी ते पाकीट तिच्या डोळ्यांपुढे नाचवलं. माझा बरोबर आहे, म्हणजे सगळ्यांचा बरोबर आहे.

शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीन वर्षं सरकारी पद्धतीच्या फायली सांभाळून ती एक गोष्ट शिकली होती. ती जागेवर गेली, कोरा कागद घेतला आणि टिपणी लिहिली. 'शहर विभागातील ४१० पाकिटांपैकी बहुतेकांवरील पिनकोड चुकीचे असल्याचे दिसते. दुरुस्त करून पाठवावेत किंवा कसे, आदेश व्हावा.' खाली सही, तारीख. आप्पांना लाल शाईनं शेरे मारायला फार आवडायचं, ते टिपणीला नाही म्हणूच शकत नसत. त्यांनी झोकात लिहिलं, 'दुरुस्ती नको. पिनकोड संगणकाप्रमाणे.' आणि सही अशी लांबलचक, की ती कागदाबाहेर गेली. शुभांगीनं तो कागद फाईलला लावला, पाकिटं पोस्टात नेली, शिक्का घेतला. या वेळी आकडे सहा होते, त्यामुळे बाईंनी हरकत घेतली नाही.

परत येताना चौकातल्या फुलवालीपाशी ती थांबली. ठमाबाई, सभासद नंबर दोनशे अकरा. साठीची बाई, तीस वर्षं त्याच जागी बसून गजरे-हार विकत होती. शुभांगी रोज बसमधून उतरली की तिच्याकडून गजरा घ्यायची. वार्षिक सभेला ठमाबाई कधी चुकली नव्हती. नऊवारी इस्त्रीची नेसून यायची, पहिल्या रांगेत बसायची, आणि सगळे विषय संपले की उभी राहून एकच मागणी करायची, फुलवाल्या बायांच्या ओट्यांवर पत्र्याची शेड करून द्या. आप्पा म्हणायचे, पुढल्या वर्षी. ती म्हणायची, मागल्या वर्षीबी हेच म्हनले. सगळे हसायचे आणि टाळ्या वाजवायचे. या वर्षी शेडचा विषय पहिल्यांदाच छापील विषयपत्रिकेवर घ्यायला तिनं आप्पांना भाग पाडलं होतं, सहा महिने त्यांच्या दारात रोज चकरा मारून.

गजरा बांधता बांधता ठमाबाईनं विचारलं, सभा कवा हाय गं.

शुभांगीच्या ओठांवर तारीख आली होती. पण डोक्यात आप्पांचं ते नाचवलेलं पाकीट होतं. होऊ दे फजिती. नको येऊ दे कुणी सभेला, बसू देत रिकाम्या खुर्च्यांपुढे हार घालून, म्हणजे कळेल कॉम्प्युटर काय असतो ते. तारीख फुटायला नको. आणि तिचा काय दोष? तिनं लेखी दिलं होतं.

"पत्र येईल की ठमाबाई," ती म्हणाली, आणि गजरा माळून निघाली.

सभेच्या दिवशी आप्पा कडक कपडे करून मंगल कार्यालयात आले. त्यांचं स्वतःचं पत्र दुसऱ्याच दिवशी घरपोच आलं होतं, त्यामुळे त्यांना कशाची शंका नव्हती. पाचशे माणसांचा चिवडा-पेढा सांगितला होता. दहाला सभा. पावणेदहाला तीन टेम्पो आणि पाच जीप येऊन थांबल्या आणि त्यातून भिमाजीअण्णांची माणसं उतरायला लागली, ती उतरतच राहिली. त्यांना पत्रं वेळेत, अगदी घरात मिळाली होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. एकशे सत्तर माणूस आलं. शहराकडून आली ती सदतीस. त्यातली वीसेक शुभांगीनं पेनानं दुरुस्त केलेल्या पाकिटांची, बाकीची नशिबानं पत्र पोचलेली. आप्पा घड्याळ बघत राहिले, गोटीरामला दारात पाठवत राहिले. मग हात वर झाले, आणि आप्पांनी स्वतःचं बूड पंधरा वर्षांनी खुर्चीवरून उचललं. तिथं चेअरमन म्हणून भिमाजीअण्णा बसले. चिवडा मात्र खेड्यातल्या मंडळींनी संपवला, वर बांधूनही नेला.

पुढले विषयही त्याच झपाट्यात झाले. संस्थेनं पिंपळगावला भाजी साठवायला गोदाम बांधावं, एकमतानं मंजूर. विषय क्रमांक सहा, फुलवाल्यांच्या ओट्यांवर शेड. भिमाजीअण्णांनी विचारलं, या विषयावर कुणाला बोलायचंय का? कुणी उठलं नाही. गोदामापुढे शेडची गरज दिसत नाही, विषय कायमचा वगळण्यात आला. इतिवृत्त शुभांगी लिहीत होती. तिनं तेही लिहिलं. त्या वेळी तिचं लक्ष आप्पांच्या चेहऱ्याकडे होतं, आणि तिला गार वाटत होतं. का वाटू नये?

आठवड्याभरात आप्पांनी खात्याकडे तक्रार ठोकली. माझ्या चारशे सभासदांना नोटीस मिळाली नाही, निवडणूक रद्द करा. सुनावणीची तारीख लागली, आणि शुभांगीचा भाव एकदम वधारला. आदल्या दिवशी आप्पा स्वतः तिच्या टेबलापाशी आले, चपला बाहेर काढून. तीन वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा शुभांगीताई म्हटलं. ती लाल शाईची टिपणी फाईलमधून नाहीशी झाली, की चूक पोस्टाची ठरते, निवडणूक रद्द होते, मी परत येतो, आणि आल्या आल्या तुझा कायमचा ठराव. देवीशप्पथ. तासाभरानं भिमाजीअण्णा आले. ते म्हणाले, ताई, ती टिपणी तेवढी जागेवर राहू द्या, तुम्हाला कायम करणं माझ्याकडे लागलं, माझा शब्द म्हणजे शब्द. आप्पाही तीन वर्षं शब्दच देत होते.

सुनावणीला तिनं फाईल छातीशी धरली होती. आत जायच्या आधी व्हरांड्यात तिनं अण्णांपुढे एक कागद धरला. 'हंगामी कारकून शुभांगी यांना सेवेत कायम करावे किंवा कसे, आदेश व्हावा.' अण्णा कसनुसे हसले. त्यांच्या मनात राज होता, खोटं कशाला बोला. या पोराच्या हातानंच आपली पत्रं वेळेत आली, चांगल्या पायगुणाचा पोरगा आहे, असं ते चारचौघांत म्हणून बसले होते.

"ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना अण्णा. म्हणूनच लिहून मागते."

आतून पुकारा झाला. अण्णांनी खिशातलं पेन काढून 'कायम करावे' असं लिहिलं आणि सही केली. मग ती आत गेली आणि फाईल साहेबांपुढे उघडली. साहेबांनी लाल शाई वाचली, आप्पांकडे बघितलं आणि विचारलं, ही सही आपलीच ना? स्वतःच्या आदेशानं झालेल्या चुकीची तक्रार स्वतःच करता येत नाही, असं पाच ओळीत लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं. आप्पा जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून उतरले. दिवाळीला अजून महिना होता. घरी शुभांगीनं आदेशाची झेरॉक्स सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून देवाजवळ ठेवली, आणि जयरामनं पहिल्यांदाच स्वतःहून पेढे आणले. रात्री ती हसत झोपली. हे सगळं आपल्या हुशारीनं झालं, असं तिला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमाबाई ऑफिसात आली. इतक्या वर्षांत ती फुलं सोडून दुपारची कधी उठली नव्हती. तिच्या हातात एक मळकं पाकीट होतं, त्यावर चार-पाच ठिकाणचे शिक्के. सभासद नंबर दोनशे अकरा, म्हणून पिनकोड ४२२ २११. संस्थेपासून दोनशे पावलांवर बसणाऱ्या बाईचं पत्र आधी सुरगाण्याला गेलं होतं. तिथं पंचवटीची ठमाबाई कोण शोधणार? ते पडून राहिलं असेल, मग डोंगर उतरून परत आलं असेल. कालच पोस्टमननं दिलं होतं. ठमाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि तारीख वाचून दाखव म्हणाली. शुभांगीनं वाचली.

"म्हंजे खरंच होऊन गेली सभा," ठमाबाई म्हणाली. "आन आमच्या शेडचं?"

शुभांगीनं तिला इतिवृत्तातलं वाचून दाखवलं. तिच्याच अक्षरातलं. विषय कायमचा वगळण्यात आला, कुणीही विरोध केला नाही. ठमाबाई थोडा वेळ त्या पाकिटावरच्या शिक्क्यांवर बोट फिरवत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुला म्हाईत व्हतं का गं, पत्र असं भलतीकडं जानार ते?"

"मी लिहून दिलं होतं ठमाबाई. चुकलंय म्हणून. सहीनिशी."

"कुनाला?"

ज्याला लिहून दिलं त्याला ते आधीच सांगून झालं होतं, आणि ज्यांची ती पत्रं होती त्या चारशे दहांतल्या एकालाही तिनं तोंडानं सांगितलं नव्हतं.

"मला नुसतं म्हनली असतीस, रविवारी ये, तरी मी समद्या बाया घेऊन आले असते," ठमाबाई म्हणाली. "मी तर रोज तिथंच बसते. तू रोज गजरा घेती."

तिनं पाकीट उचललं, पदराला पुसलं आणि कमरेच्या पिशवीत घालून ठेवलं. जाताना ती काचेपुढे क्षणभर थांबली, आत राज पत्ते खेळत होता.

शुभांगी आता कायम कारकून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक स्टॉप आधीच उतरली आणि मागच्या गल्लीनं चालत ऑफिसला आली.